चीनमध्ये, पण कोणत्या गावी?

ज्ञान मिळवण्यासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, हे वचन आमच्या समाजात शाळेच्या स्नेहसंमेलनापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. हदीसचे अभ्यासक त्याला कमजोर रिवायत मानतात. तरी ते लोकांच्या ओठांवर टिकून आहे, कारण त्यातला आशय मनाला पटतो. एक गोष्ट मात्र त्यात सांगितलेली नाही. चीनमध्ये जायचे ते कोणत्या गावी? राजधानीत, की डोंगराकडेच्या एखाद्या कसब्यात? वक्ता आपल्याला चीनच्या वेशीपर्यंत पोहोचवतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. पुढचे आईबापांनी पाहायचे.

आम्ही उभयता शिक्षक. नोकरी सांगली जिल्ह्यात झाली, घर मिरजेत. घरात दखनी आणि बाहेर मराठी, अशा दोन भाषांत मुले वाढली. 2024 च्या उन्हाळ्यात थोरल्या लेकीला विद्युत अभियांत्रिकीच्या पुढील शिक्षणासाठी जर्मनीत दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक बर्लिनला, दुसरा इल्मेनाऊला. बर्लिन आम्हांला ठाऊक होते. भिंत, हिटलर, 1936 चे ऑलिंपिक, एवढे तर आम्ही वर्गात शिकवलेच होते. इल्मेनाऊ हे नाव नकाशावर भिंग धरून शोधावे लागले. थुरिंगिया राज्यातल्या जंगलाच्या कुशीत वसलेले, चाळीस हजारांच्या आत वस्तीचे गाव. कवी गटे वायमारच्या दरबारी मंत्री असताना तिथल्या खाणींचा कारभार पाहत असे आणि जवळच्या टेकडीवरच्या लाकडी खोपटात 1780 मध्ये त्याने एक छोटी कविता भिंतीवर लिहिली होती. एरफुर्ट हे राज्याचे मुख्य शहर तिथून चाळीसेक किलोमीटरवर. बर्लिनची वस्ती पस्तीस लाखांहून अधिक. म्हणजे निवड सरळच होती, मुंबई की कवठेमहांकाळ.

नात्यागोत्यात ही बातमी पसरली तेव्हा सल्ल्यांची कमतरता पडली नाही. मुलगी आहे, लहान गावी पाठवा, असे सगळे एकमुखाने म्हणाले. खाला म्हणाल्या, मोठ्या शहरात पोर हरवते. शेजारचे हाजीसाहेब म्हणाले, लहान गावात माणसे एकमेकांना ओळखतात, आब राहतो. आमचाही कल तिकडेच होता. त्यामागे अनुभव होता तो मिरजेचा. सतारमेकर गल्लीपासून दर्ग्यापर्यंत आमची लेक चालत गेली तर वाटेत निदान दहा जण तिला तिच्या आजोबांच्या नावाने ओळखतात. सायकल पंक्चर झाली तर कोणी तरी घरी निरोप देतो. लहान गाव म्हणजे सुरक्षित गाव, ही आमची व्याख्या अशी पायाखालच्या रस्त्यातून आलेली होती.

लेकीने ती व्याख्या शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “अब्बा, मिरजेत मला कोणी काही करत नाही ते मिरज लहान आहे म्हणून नाही. तुम्ही दोघं तिथं आहात म्हणून. इल्मेनाऊमध्ये तुम्ही नसणार. मग ते गाव लहान असून माझ्या काय कामाचं?”

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. म्हणून आम्ही तिघांनी ठरवले, की लोकांचे सल्ले बाजूला ठेवायचे आणि दोन्ही गावे एकेका गोष्टीवर तोलून पाहायची. दोन महिने जेवणानंतर आमच्या घरात हेच चालले होते. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत, कारण आता मोहल्ल्यातल्या अनेक घरांत हाच प्रश्न आला आहे.

पहिली गोष्ट पैशाची. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. सत्राचे काही शे युरो वर्गणी म्हणून भरावे लागतात, एवढेच. याला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो लावले आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून स्वतःचे शुल्क सुरू केले. लेकीची दोन्ही ठिकाणे बिनशुल्काची होती. पण व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच एका बंद खात्यात ठेवावा लागतो आणि तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. त्या उन्हाळ्यात ही रक्कम 11,208 युरो होती, म्हणजे महिन्याला 934. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ती 11,904 झाली, महिन्याला 992. आपल्या पैशात दहा लाखांच्या आसपास.

यात एक गंमत आहे. इंग्लंडचे सरकार विद्यार्थ्याकडून पैशाचा पुरावा मागताना लंडन आणि लंडनबाहेर असा भेद करते. 2025 च्या आरंभी लंडनसाठी महिन्याला 1,483 पौंड दाखवावे लागत, बाहेरच्या गावांसाठी 1,136. जर्मनीत तसे नाही. म्युनिकला जा, बर्लिनला जा, नाहीतर इल्मेनाऊला, बंद खात्यातली रक्कम तीच. सरकारच्या लेखी सगळी गावे सारखी, घरमालकांच्या लेखी मात्र नाहीत. बर्लिनमध्ये चौघांच्या सामाईक घरातली एक खोली लेकीला साडेसहाशे युरोंच्या खाली दिसेना. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक. शिवाय खोली न दाखवताच आगाऊ रक्कम मागणारे भामटे वेगळे. इल्मेनाऊच्या वसतिगृहात तिला अडीचशे-पावणेतीनशेत खोली मिळत होती आणि तीही विमानात बसण्यापूर्वी. महिन्याच्या 934 मधून आरोग्य विम्याचे सव्वाशेच्या आसपास वजा केले, की बर्लिनमध्ये जेवणखाण, प्रवास आणि वह्यापुस्तकांसाठी दीडशे युरो उरत. इल्मेनाऊत पाचशेहून जास्त.

हा फरक आमच्या घरात नुसता हिशेबाचा नव्हता. व्याजाचा प्रश्न त्याला चिकटलेला होता. आमच्यापैकी एकाला बँकेचे शैक्षणिक कर्ज चालत होते, दुसऱ्याला नाही. तीस वर्षांच्या संसारात हा मतभेद आम्ही मिटवलेला नाही आणि मिटवण्याची घाईही नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना होती, ती 2022-23 पासून बंद झाली. शेवटी भविष्यनिर्वाह निधीतले काही, लग्नातल्या दागिन्यांतले काही आणि कुवेतच्या मामूंनी कर्जे हसना म्हणून दिलेले काही, अशी खात्यातली रक्कम उभी राहिली. बिनव्याजी का होईना, ते कर्जच. बर्लिनला गेली असती तर पहिल्या वर्षीच आणखी तीन-चार लाखांची जुळणी करावी लागली असती, नाहीतर तिने ती कमाई रात्रपाळ्या करून करायची. तिथल्या नियमात विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, मार्च 2024 पूर्वी ते 120 होते. पण परवानगी असणे वेगळे आणि हॉटेलात रात्री बारापर्यंत भांडी घासून सकाळी आठच्या तासाला बसणे वेगळे. व्याजाला हरकत नसलेल्यालाही हे पटत होते.

दुसरी गोष्ट खोलीची आणि आडनावाची. तिसऱ्या वर्षाला असताना लेक दोन महिने पुण्यात प्रशिक्षणाला होती. फोनवर खोली ठरायची, समोर जाऊन नाव सांगितले की ती ‘आत्ताच गेलेली’ असायची. असे पाच ठिकाणी झाले, सहाव्या ठिकाणी जागा मिळाली. आमच्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. न्यूयॉर्क-लंडनला शिकून 1917 मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याची जी संभावना केली ती प्रसिद्ध आहे. ज्याच्या कपाळावर जन्माची चिठ्ठी चिकटवलेली असते, त्याला मोठे शहर प्रथम हवेहवेसे वाटते ते याच कारणाने. तिथे कोणी ओळखत नाही, हीच तिथली मोकळीक. लेकीला बर्लिनची ओढ होती ती मौजेसाठी नव्हती. “मला एकदा तरी अशा ठिकाणी राहायचंय, जिथं मी कुणाची मुलगी, कुणाची नात हे कुणालाच माहीत नसेल,” असे ती म्हणाली. बाप म्हणून, आई म्हणून हे ऐकताना थोडे लागले. पण आम्ही दोघेही विशीत हेच म्हणत होतो, फक्त मोठ्याने म्हणायची छाती नव्हती.

तिसरी गोष्ट आपल्या माणसांची. इथे आमची व्याख्या पुरती उलटी झाली. मिरजेत लहान गाव म्हणजे आपली माणसे. जर्मनीत आपली माणसे म्हणावीत अशी वस्ती मोठ्या शहरात असते. त्यालाही इतिहास आहे. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. लाखो तुर्की कारखान्यांत आले, स्थिरावले आणि त्यांच्यासोबत मशिदी, किराणा दुकाने, खाटीक सगळे आले. पूर्व जर्मनी तेव्हा वेगळा देश होता. तिथे कामगार आले ते व्हिएतनाम आणि मोझांबिकसारख्या देशांतून. इल्मेनाऊ पूर्वेकडचे. म्हणून पश्चिमेकडच्या एखाद्या लहान औद्योगिक गावातही जुम्म्याची नमाज सापडते, तशी पूर्वेत सहज सापडत नाही. 2015 नंतर सीरियातून आलेले निर्वासित ठरावीक प्रमाणात सगळ्या राज्यांत वाटले गेले, त्यामुळे आता तिकडेही कुठे कुठे अरबी दुकान दिसते. बर्लिनमध्ये मात्र विल्मर्सडोर्फची मशीद 1920 च्या दशकात बांधलेली आहे आणि ती बांधणारे होते लाहोरचे अहमदी. लहान गाव एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या दिशेचे लहान गाव हे पाहावे लागते, ही गोष्ट आम्हांला अशी उमगली.

आपल्याआधी तिकडे गेलेली माणसे काय करून आली, हेही आम्ही शिक्षकी सवयीने चाळून पाहिले. डॉ. झाकीर हुसेन बर्लिनला शिकले, 1926 मध्ये तिथून डॉक्टरेट घेतली. पण बर्लिनने त्यांना पदवीपेक्षा मोठे काही दिले असेल तर ते मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन यांची सोबत. जामिया मिल्लिया बंद पडण्याच्या बेतात असताना या तीन विद्यार्थ्यांनी परत जाऊन तिची सेवा करायचे तिथेच ठरवले आणि 1926 मध्ये ते आले. तीन समविचारी हिंदी तरुण एकाच वेळी एकाच गावी असणे हे मोठ्या शहरातच संभवते. त्यांच्यानंतर इरावतीबाई कर्वे त्याच बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र शिकायला पोहोचल्या. गुरूंच्या वंशविषयक गृहीतकाला आपल्या कवटीमोजणीतून आधार मिळत नाही, असे त्यांनी प्रबंधात लिहिले, तेही त्या काळच्या जर्मनीत. महानगराने त्यांना हवी ती साधने दिली आणि त्यांनी निष्कर्ष स्वतःचा काढला.

उलट इक्बालांचे. ते केंब्रिजला होते आणि डॉक्टरेट म्युनिकची घ्यायची होती. पण त्याआधी 1907 च्या उन्हाळ्यात ते हायडेलबर्ग या नदीकाठच्या लहान विद्यापीठ-गावी जर्मन शिकायला राहिले. तिथल्या विद्यार्थी निवासात एमा वेगेनास्ट यांच्याकडे धडे घेत त्यांनी काही महिन्यांत भाषा आत्मसात केली आणि नोव्हेंबरात म्युनिकची पदवी मिळवली. त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या अतिया फैजी हायडेलबर्गला येऊन गेल्या. त्या जंजिऱ्याच्या बेगमसाहेबांच्या भगिनी. 1906 मध्ये त्या शिक्षकी प्रशिक्षणासाठी एकट्या लंडनला गेल्या होत्या. पोरीला परदेशी पाठवता म्हणून आम्हांला टोकणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही हे सन सांगितले. ते म्हणाले, ते मोठे लोक. आम्ही म्हणालो, रस्ता मोठ्या लोकांनी पाडला की लहानांनी त्यावरून चालायचे असते.

भाषेचा मुद्दा हा असा पुढे आला. लेकीचा अभ्यासक्रम दोन्हीकडे इंग्रजीतच होता. पण बर्लिनमध्ये दोन वर्षे इंग्रजीवर सहज निघतात आणि म्हणूनच जर्मन येता येत नाही. लहान गावात पाव विकणारी बाई, बसचा चालक, दवाखान्यातली परिचारिका जर्मनच बोलणार. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मुदत मिळते, पण भाषा नसेल तर ती मुदत अर्ज करण्यातच सरते.

इतके सगळे मांडून झाल्यावर जुलैच्या एका रात्री लेकीने स्वतःच सांगितले, “मी इल्मेनाऊ घेते. पण तुमच्या कारणासाठी नाही हं. तिथं मला आब राहील म्हणून नाही. तिथं वर्गात मुलं थोडी, प्रयोगशाळा मिळते, खोली हातात आहे आणि भाषा शिकावीच लागेल. रात्रपाळी करून मला पदवी घ्यायची नाही.” गाव तेच ठरले, जे आमच्या मनात होते. कारणे मात्र एकही आमचे नव्हते. आम्हांला वाटते, आईबापांच्या वाट्याला याहून चांगला निकाल क्वचित येतो.

तिकीट निघाले सप्टेंबरअखेरचे. त्याआधी 1 सप्टेंबर 2024 रोजी थुरिंगियात निवडणूक झाली. स्थलांतरितांच्या आणि मुसलमानांच्या विरोधावर उभा असलेला एएफडी हा पक्ष जवळजवळ एकतृतीयांश मते घेऊन पहिला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत एखाद्या राज्याच्या निवडणुकीत अतिउजवा पक्ष पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. बातमी आम्ही वाचली तेव्हा घरात तिची बॅग अर्धी भरलेली होती. त्या रात्री आम्ही दोघांनी जेवण पानात ठेवले. इजिप्तची मरवा शेरबिनी आम्हांला आठवली. हिजाब घालणारी, औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, पोटुशी. तिला अपमानास्पद बोलणाऱ्या माणसानेच 1 जुलै 2009 रोजी भर न्यायालयात भोसकून मारले. हानाऊची 19 फेब्रुवारी 2020 ची रात्र आठवली, एका बंदूकधाऱ्याने नऊ जणांना टिपले ती. पहिली घटना ड्रेस्डेन या मोठ्या शहरातली, दुसरी फ्रँकफुर्टजवळच्या मध्यम गावातली. द्वेषाने गावाचा आकार पाहिला नव्हता.

“रद्द करायचं का?” आम्ही विचारले. बर्लिनचा प्रवेश तोवर हातचा गेला होता, म्हणजे प्रश्नाचा अर्थ घरी राहायचे का असाच होता.

लेक काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अम्मी, 2009 ला मिरजेत दंगल झाली तेव्हा मी दुसरीत होते. संचारबंदीत तुम्ही मला घरात पाढे म्हणायला लावत होता. तेव्हा आपण मिरज सोडली का? तीनातल्या एकानं त्यांना मत दिलं. दोघांनी दिलं नाही. माझा वर्ग त्या दोघांत असेल असं धरून चालते. नसला तर बघू.”

ती गेली. तिथे पुढे डिसेंबरात त्या पक्षाला बाहेर ठेवून सरकार बनले.

आता तिच्या तिथल्या दिवसांविषयी थोडके. गोड तेवढेच सांगणे प्रामाणिक होणार नाही. पहिला हिवाळा जड गेला. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. जोहर, असर आणि मगरिब या तीन नमाजा चार तासांत आटोपतात. रविवारी दुकाने बंद, रस्ते ओस. संध्याकाळी फोनवर ती अभ्यासाचे बोलायची आणि आवाजावरून आम्हांला दुसरेच काही कळायचे. बसथांब्यावर एका वयस्क माणसाने तिच्या ओढणीकडे बघून काही पुटपुटले, ते शब्द तेव्हा तिला समजले नाहीत. भाषा सुधारल्यावर तीन महिन्यांनी समजले. “बरं झालं तेव्हा समजलं नाही,” असे म्हणून ती हसली. आम्ही नाही हसलो. उन्हाळी सत्रात प्रशिक्षणासाठी जागा शोधली तर गावात फार थोड्या. त्यासाठी तिला मोठ्या शहराची वाट धरावी लागणार हे दिसूनच आले. लहान गाव शिकवते पुष्कळ, पोसते थोड्यांना.

पण 2025 च्या रमजानात तिने जे सांगितले ते आम्ही मोहल्ल्यात अनेकांना ऐकवले आहे. वसतिगृहाच्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात इफ्तारीला सहा-सात जण जमत. एक इजिप्तचा, एक बांगलादेशी, लाहोरची एक मुलगी, केरळचे दोघे, इंडोनेशियाची एक आणि ही मिरजेची. सुन्नी, शिया, हनफी, शाफई सगळे त्यात. त्या मजल्यावरचा एक तेलुगू हिंदू मुलगा रोज खजूर फोडून बिया काढून ठेवायचा, कारण त्याला तेवढेच काम जमायचे. ईद तिकडे 30 मार्चला झाली, इकडे मिरजेत 31 ला. तिने शिरखुर्मा केला तो शेवया न मिळाल्याने बारीक नूडल्सचा. केरळच्या मुलांना शिरखुर्मा ठाऊक नव्हता, लाहोरच्या मुलीला नूडल्स पटल्या नाहीत. तरी पातेले पुसून निघाले.

“बर्लिनला असते तर मी मराठी नाहीतर दखनी बोलणारी चार माणसं शोधून त्यांच्यातच बसले असते,” ती म्हणाली. “इथं निवडायला माणसंच नाहीत. जे आहेत त्यांच्याशी जमवावं लागतं.”

या वाक्याचा आम्ही बराच विचार केला. मोठ्या शहरात तुर्कांची मशीद वेगळी, अरबांची वेगळी, आपल्याकडच्यांची आणखी वेगळी. प्रत्येकाला आपल्यासारखे भेटतात आणि माणूस आपल्यासारख्यांत मोठा होत राहतो. लहान गावात ती चैन परवडत नाही. ज्याच्याशी आपल्या मोहल्ल्यात कधी पंगतीला बसलो नसतो, त्याच्या ताटातले आपण खातो. जमातीजमातींत वाटल्या गेलेल्या आमच्या समाजाला हे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीहून कमी गरजेचे नाही. मात्र सहा-सात जणही नसते, ती एकटीच असती, तर हेच गाव तिला सोसवले असते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. म्हणून लहान गाव चांगले, असा सरसकट निवाडा आम्ही देत नाही. दोन्हीकडे एकटेपण आहेच. मोठ्या शहरातले गर्दीतले, लहान गावातले शांततेतले. यातले आपल्याला कोणते पेलेल हे जाणाऱ्यानेच सांगायचे. आईबापांनी त्याचा खर्च, त्याचे हवामान आणि तिथला इतिहास शोधून समोर ठेवायचा.

अलीकडे कोणी विचारायला आले की आम्ही गावाचा आकार विचारत नाही. खोली हातात आहे का, हे पहिले विचारतो. भाडे देऊन महिन्याला किती उरते? संध्याकाळची शेवटची बस किती वाजता? आजारी पडल्यावर दार ठोठावावे असे जवळ कोणी आहे का? नोकरीसाठी पुढे कुठे जावे लागेल आणि तिथवर रेल्वे किती तासांची? शेवटी मुलाला किंवा मुलीला बाजूला घेऊन विचारतो, तुला स्वतःला काय वाटते? पुष्कळ वेळा हा प्रश्न त्या मुलाला घरात पहिल्यांदाच विचारला गेलेला असतो. ते आईबापांकडे पाहते आणि मग बोलू लागते.

आमचा धाकटा आता बारावीत आहे. त्याला पुढे बर्लिनच हवे आहे आणि त्याची कारणे त्याने वहीत लिहून काढायला घेतली आहेत. ती वाचून पाहायची आमची तयारी आहे.